दोष नाही, पण ऋण आहे

आमच्या नामपूरच्या लोकांना समुद्राची ओळख थोडी. मोसम नदी, कांद्याच्या चाळी, डाळिंबाच्या बागा आणि साल्हेर-मांगीतुंगीचे डोंगर एवढे आमचे जग. प्रवाळ म्हणजे सोनाराकडच्या अंगठीतले लाल पोवळे, याहून अधिक माहिती आम्हांलाही परवापर्यंत नव्हती. ती करून दिली एका तरुणाने. विद्यापीठात भूशास्त्र शिकणारा हा आमच्या परिचयातील मुलगा गेल्या हिवाळ्यात सागरी भूविज्ञानाच्या एका अल्पमुदतीच्या अभ्यासवर्गाला जाऊन आला. काही दिवस व्याख्याने आणि मग मालवणच्या समुद्रात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य, असा तो वर्ग होता. परतल्यावर तो आम्हांला भेटावयास आला, आणि समुद्राच्या गोष्टी सांगता सांगता त्याने एक प्रश्न पुढे ठेवला. त्या प्रश्नाने आमची बरेच दिवस पाठ सोडली नाही. त्याच्या संमतीने तो आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. शिवकालीन तटाला लाटा धडकतात, त्याच उथळ पाण्यात जिवंत प्रवाळांच्या वसाहती आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. इवल्याशा प्राण्यांचा तो एक गाव आहे. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपली घरे बांधतात. त्यांच्या देहात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतात, आणि प्रवाळाच्या रंगातही त्यांचा मोठा वाटा असतो. पाणी फार काळ नेहमीपेक्षा अधिक तापले, की हा संसार मोडतो. शैवाले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. उष्णता लवकर ओसरली नाही, तर मरतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली अशी आपत्ती आली.

अभ्यासवर्गात पहिला नियम सांगितला होता, कशालाही हात लावायचा नाही. कायदाही तेच सांगतो, कारण भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले आहे. विद्यार्थ्यांनी पाण्यात तरंगत पाहायचे, मोजायचे आणि पाटीवर टिपायचे. दुसऱ्या दिवशी मोजपट्टी धरून असताना एका लाटेने या मुलाचा तोल गेला. त्याच्या पायातील रबरी फिन टर्बिनारिया जातीच्या प्रवाळावर आदळली. कोबीच्या पानासारखी पसरलेली त्याची कड तळहाताएवढी तुटली आणि तळाशी गेली. कोणीही पाहिले नाही.

"फादर," तो म्हणाला, "तेवढी कड वाढायला कित्येक वर्षे लागली असतील. मी ते वाचवायला शिकतोय म्हणतात, आणि शिकतानाच मोडून आलो. हे पाप आहे का?"

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो आहोत. उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाचा विचार करताना जी वाट दाखविली, तिच्यावरून पुढे द्विपरिणामाचे तत्त्व आकारास आले. कृती मुळात चांगली असावी, हेतू शुद्ध असावा, वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन नसावे, आणि लाभाच्या मानाने हानी अवाजवी नसावी. या चारही कसोट्यांना तो मुलगा उतरत होता. आम्ही त्याला तसे सांगितले. "बाळ, यात तुझा दोष नाही." त्याने मान हलविली. परंतु त्याचे समाधान झालेले नाही, हे आम्हांस दिसत होते. तो गेल्यावर आमच्या ध्यानी आले, की समाधान आमचेही झालेले नाही.

उणीव कोठे राहिली? दोष आहे की नाही, एवढेच आमच्या तत्त्वाने ठरविले. दोष नसताना जे उरते त्याविषयी ते गप्प राहिले. शेजाऱ्याची घागर आपल्या हातून नकळत फुटली, तर आपण अपराधी ठरत नाही. तरीही घागर भरून द्यावी असे वाटतेच, आणि ज्याला तसे वाटत नाही त्याच्याविषयी गाव चांगले बोलत नाही. आपल्या भाषेत यासाठी शब्द आहे: ऋण. दोषातून मुक्त झालेला मनुष्य ऋणातून मुक्त होतोच असे नाही.

ज्ञानाच्या बाबतीत हा भेद विसरणे फार सोपे असते. १८४२ साली चार्ल्स डार्विन यांनी मांडले, की महासागरातील ज्वालामुखी बेटे हळूहळू खचत जातात, प्रवाळ मात्र वर वर बांधीत राहतात आणि शेवटी नुसते कंकणद्वीप उरते. याचा निर्णायक पुरावा ११० वर्षांनी मिळाला. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटॉक येथे खोल भोके घेतली, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक प्रवाळी चुनखडीखाली काळा बेसॉल्ट लागला. डार्विन खरे ठरले. परंतु ती भोके अणुचाचण्यांच्या तयारीचा भाग होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला त्याच कंकणद्वीपावर हायड्रोजन बाँबची चाचणी झाली आणि एलुगेलॅब नावाचे बेट नकाशावरून पुसले गेले. मिळालेले ज्ञान खरे होते, म्हणून त्याची किंमत फिटली असे कोण म्हणेल?

मग विद्यार्थ्यांना समुद्रात नेऊच नये काय? असे म्हणणारेही असतील. आम्हांस ते पटत नाही. ज्याने जिवंत प्रवाळ कधी पाहिला नाही, त्याला तो मेल्याचे दुःख कोठून होणार? शिवाय अभ्यासाला काही जखमा जाणूनबुजूनच कराव्या लागतात. पोरायटिस जातीच्या प्रवाळात झाडाप्रमाणे वर्षावर्षाचे थर असतात. त्यातून बारीक दंडगोल काढला, की गेल्या शतकांतील समुद्राच्या उष्णतेची नोंद वाचता येते. शास्त्रज्ञ अशा भोकाला पुष्कळदा बूच घालतात, म्हणजे प्रवाळ त्यावरून पुन्हा वाढू शकतो. ते बूच आम्हांला ऋण मानण्याची खूण वाटते.

हा मुलगा आणखी एक गोष्ट सांगून गेला. आमच्या अंगणातील काळा कातळ सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो ज्या तप्त स्रोतातून वर आला, त्याच्यावरून भारताचे भूखंड उत्तरेकडे सरकत गेले, आणि त्याच स्रोताने पुढे मालदीव व चागोस बेटांचे पाये घातले, असे भूवैज्ञानिक मानतात. त्या पायांवर आज प्रवाळ उभे आहेत. म्हणजे बागलाणचा डोंगर आणि मालदीवचे बेट एका चुलीवरचे!

तेव्हा प्रश्न त्या मुलापुरता उरत नाही. मोसमचे पाणी गिरणेत, गिरणेचे तापीत आणि तापीचे खंभातच्या आखाताजवळ समुद्रात जाते. तेथील गढूळ पाण्यात प्रवाळभित्ती नाहीत, म्हणून आपण सुटलो असे नव्हे. कांद्याच्या ट्रकचा धूर आणि विहिरीवरच्या पंपासाठी जळणारा दूरचा कोळसा हवेत उष्णता धरून ठेवतात. त्या वाढीव उष्णतेतील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग महासागर पोटात घेतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याचे चौथे जागतिक संकट जाहीर केले. फिलिपिन्सच्या बिशपांनी १९८८ सालीच प्रवाळांच्या विनाशाविषयी खंत व्यक्त केली होती, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात तिचे स्मरण दिले. आमच्या शेतकऱ्याचा यात दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोट भरण्यासाठी कांदा बाजारात नेणे हे पाप नव्हे. परंतु आमचेही पाऊल कोठेतरी पडते आहे, आणि तेथेही कोणी पाहत नाही.

निघताना आम्ही त्या मुलाला विचारले, "मग तू काय केलेस?" त्याने आपली वही उघडून दाखविली. प्रवाळांच्या मापांच्या रकान्यात, त्या वसाहतीच्या क्रमांकापुढे, त्याने लिहिले होते: कड तुटली, निरीक्षकाच्या पायाने. दुसऱ्या दिवशी ते त्याने आपल्या शिक्षकांनाही दाखविले होते. पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच वसाहत पुन्हा मोजावी, अशी विनंतीही त्याने केली होती.

आम्ही त्याला दोषमुक्तीचे उत्तर दिले होते. त्याआधीच आपले ऋण तो वहीत मांडून आला होता.