सेवेचे श्रेय आणि श्रेयांक

विद्यार्थ्याने लोकांची सेवा करावी, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो निराळ्या गोष्टीचा. लेखन शिकण्यासाठी विद्यार्थी एखाद्या वस्तीत जातो, तेथील निरक्षरांची पत्रे व अर्ज लिहून देतो, परत येऊन त्या अनुभवावर निबंध लिहितो आणि गुण मिळवितो. हिला सेवा म्हणावे की परीक्षेची तयारी? विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील कित्येक महाविद्यालयांनी लेखनाच्या अभ्यासक्रमाला अशी सेवा जोडली. आपल्याकडे २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समाजसेवेच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याचा पुरस्कार केला. तेव्हा हा प्रश्न आता प्रत्येक गृहस्थाच्या दाराशी आला आहे.

पूर्वपक्ष दुहेरी आहे. पहिला आक्षेप असा की, परतफेडीची अपेक्षा ठेवून दिलेले दान गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस ठरविले आहे. मग गुणांच्या अपेक्षेने केलेली सेवा सात्त्विक कशी? दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. दुःखी माणसाचे दुःख विद्यार्थ्याच्या निबंधाला विषय म्हणून उपयोगी पडते. निबंध उत्तम होतो आणि माणूस होता तेथेच राहतो.

उत्तराचे सूत्र चौथ्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात आहे. ज्ञान मिळविण्याची तीन साधने तेथे सांगितली आहेत : प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. म्हणजे सेवा हे ज्ञानाचे साधन आहे, ही कल्पना परकी नव्हे. परंतु ती सेवा ज्ञात्याची करावयाची आहे, आणि नम्रता व जिज्ञासा यांच्या जोडीने. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाला गुरूने चारशे कृश गाई सांभाळावयास दिल्या. त्या सहस्र होईपर्यंत तो रानात राहिला, आणि ब्रह्माचा पहिला पाद त्याला सांगितला तो त्याच कळपातील वृषभाने. ज्यांची सेवा केली त्यांच्यातूनच पहिला उपदेशक निघाला! तरीही आश्रमात परतल्यावर सत्यकामाने गुरूकडे विद्या मागितलीच. सेवा अध्ययनाची जागा घेत नाही; ती अध्ययनाला पात्र करते.

हे सूत्र लेखनाला लावून पाहावे. निवृत्तिवेतनाचा अर्ज लिहून घेण्यास आलेल्या निरक्षर वृद्धेला अक्षरे येत नाहीत. पण तिच्या आयुष्याची हकीकत तिलाच ठाऊक असते. त्या विषयात ज्ञाती ती, आणि शिष्य तो पदवीचा विद्यार्थी. अर्ज लिहून तो तिला वाचून दाखवावा. जेथे ती मान हलवून थांबवील तेथे वाक्य बदलावे. अनुवादकाला प्रत्येक वाक्य मूळ ग्रंथाशी ताडून पाहावे लागते. येथे मूळ ग्रंथ समोर बसलेला असतो आणि चूक झाल्यास स्वतः बोलतो. वाणीच्या तपाची जी लक्षणे सतराव्या अध्यायात दिली आहेत, वाणी उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय व हितकर असावी, त्यांची इतकी कडक परीक्षा वर्गात होत नाही. आणि अर्जासाठी तिने विश्वासाने सांगितलेले दुःख तिच्या अनुमतीवाचून निबंधात घालणे हे सत्य असले तरी हितकर नव्हे. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर हेच.

या विचाराला चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हे स्थान साक्षी आहे. कुमुदांनी भरलेल्या पवित्र पुष्करिणीवरून हे नाव पडले. येथील हिंदू हायस्कुलाचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री इंग्रजी भाषेवरील प्रभुत्वासाठी पुढे देशोदेशी कीर्ती पावले. परंतु १९०४ साली याच पेठेत गृहस्थांची सहकारी भांडार-संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. भाषेच्या पंडिताला तांदूळ-डाळीचा हिशेब हलका वाटला नाही. १९०७ साली ते नामदार गोखल्यांच्या पुण्यातील भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९१५ साली गोखल्यांच्या मागे त्या संस्थेचे अध्यक्ष झाले.

याच पेठेत पार्थसारथीचे मंदिर आहे. गाभाऱ्यातील मूर्तीच्या हाती शंख आहे, चक्र नाही. आणि उत्सवमूर्तीच्या मुखावर भीष्माच्या बाणांचे व्रण दिसतात. याचा अर्थ विचार करण्याजोगा आहे. गीता सिंहासनावरून सांगितली गेली नाही. ती सारथ्याच्या, म्हणजे सेवकाच्या, आसनावरून सांगितली गेली. ज्याचा रथ हाकला त्याच्या वाट्याचे बाण उपदेशकाने स्वतःच्या मुखावर घेतले. एवढे करूनही शेवटी त्याने अर्जुनाला सांगितले की, पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. सेवकाने सेव्याच्या बुद्धीवर स्वामित्व गाजवू नये, हा धडा याहून स्पष्ट कोठे मिळणार?

आता गुणांचा प्रश्न. फलासक्त माणसाचा बुद्धिभेद करू नये, ज्ञात्याने स्वतः कर्म करून त्यालाही कर्माला लावावे, असे तिसरा अध्याय सांगतो. म्हणून गुणांच्या ओढीने सेवेला निघालेल्या मुलाचा उपहास करू नये. कित्येकांच्या सत्कर्माचा आरंभ सकामच असतो. मात्र दोन मर्यादा पाळाव्या. गुण लेखनाला द्यावे, सेवेला नव्हे. आणि सत्र संपले तरी हाती घेतलेला अर्ज अर्धा सोडू नये. श्रेयांक विद्यापीठ देऊ शकेल. श्रेय देणे त्याच्या हाती नाही. कठोपनिषदाने श्रेय आणि प्रेय यांत जो भेद केला, तो या एका शब्दाच्या आड लपून राहू नये.

गृहस्थाचे कर्तव्य येथूनच सुरू होते. मुलगा वा मुलगी असे काम करून घरी आली की किती गुण मिळाले, हा प्रश्न आपल्या तोंडी सहज येतो. तो मागे ठेवावा. ज्याच्याकडे गेलास त्याचे काम झाले का, आणि त्याने तुला काय शिकविले, हे आधी विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या मुलाला देता येतील, त्याचे लेखन आपोआप सुधारेल. आणि सेवेचा अभिमान त्याच्या मनात शिरण्यास जागा उरणार नाही.