उत्तराचे ऋण

लहानांनी विचारावे आणि थोरांनी समजावून सांगावे, ही आपल्या घरांची जुनी रीत. परंतु लहानांच्या प्रश्नातच थोरांचा दोष दडलेला असेल, तर थोरांनी काय करावे? हवामानबदलाविषयी तरुण पिढी राज्यकर्त्यांना जे विचारीत आहे, ते याच जातीचे आहे.

२०१७ साली उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या रिद्धिमा पांडेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे शासनाविरुद्ध दाद मागितली. जानेवारी २०१९ मध्ये तिचा अर्ज निकालात काढला गेला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्यांपैकी २९ जणांना अटक झाली; त्यांत विद्यार्थीही होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबविली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती.

मेट्रोमुळे धूर कमी होतो, हा शासनाचा युक्तिवाद पोकळ नव्हता. तरुणांचे प्रत्येक म्हणणे बरोबरच असते, असेही आम्ही मानीत नाही. पण ज्याने प्रश्न विचारला, त्याला उत्तर मिळावयास हवे की नको? रात्री चालविलेली करवत हे उत्तर नव्हे. व्यासपीठावर बोलावून केलेले कौतुक हेही नव्हे. राज्यकर्त्याच्या जबाबदारीला आपण ‘उत्तरदायित्व’ म्हणतो, ते उगाच नाही. ज्याला मत नाही त्याला उत्तर देणे लागत नाही, असा एक सोयीचा समज रूढ झाला आहे. आम्हाला याच्या उलट वाटते. मतदार पाच वर्षांनी हिशेब मागू शकतो. अठरा वर्षांखालील मुलाला तो मार्ग नाही. म्हणूनच त्याचे ऋण अधिक.

धारूरसारख्या तालुक्यात हे ऋण विशेष जाणवते. बालाघाटाच्या या कोरडवाहू मुलखातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोयत्यामागून मुलेही जातात आणि शाळा मागे राहते. पावसाचा लहरीपणा वाढला, तर त्याची पहिली झळ यांनाच लागणार. शहरातील मुलाच्या हाती निदान फलक असतो. फडावरच्या मुलाचा प्रश्न कोणी लिहूनही घेत नाही.

पवित्र शास्त्रातील वृद्ध याजक एली बाल शमुवेलाला बजावतो, की परमेश्वराने सांगितलेले काहीही माझ्यापासून लपवू नकोस. तो निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. त्याने तो निमूटपणे ऐकला, ही त्याची थोरवी. परंतु आपल्या पुत्रांना त्याने वेळीच आवरले नव्हते, आणि नुसत्या ऐकण्याने घराणे वाचले नाही.

राज्यकर्त्यांना दोष देताना आपणही आपले अंगण पाहावे. ग्रामसभेत, शाळेत, धर्मग्रामाच्या बैठकीत मुलांचा प्रश्न नोंदवून घ्यावा आणि ठरल्या दिवशी त्याला उत्तर द्यावे. ते ‘जमणार नाही’ असे असले, तरी कारणासह द्यावे. कारण कळले की मूल त्यावर पुढचा प्रश्न विचारू शकते. मौनापुढे मात्र त्याला ओरडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.