काचेतली सत्ता

बिबवेवाडीतील लहानशा सदनिकांतही आता फिश टँक दिसतो. दिवसभराच्या दगदगीनंतर गोल्डफिशचा संथ विहार पाहताना मन निवते, हे खरे. पण त्यांना कोंडण्याचा अधिकार आपणांस आहे काय? परमेश्वराने मानवाला माशांवर सत्ता दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. त्या सत्तेचा अर्थ मनमानी नव्हे, राखण होय, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात बजावले.

माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया सुटतो. नदी तो वाहून नेते. टाकीत तोच विष ठरतो. म्हणून ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलावे लागते, नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवावे लागते. ज्याने नदी हिरावली, त्यानेच नदीचे काम करावे. कंटाळून मासे कात्रजच्या तळ्यात सोडणे ही दया नव्हे. परके मासे तिथल्या जिवांच्या मुळावर येऊ शकतात. मुलांनी टाकी मागितली, तर आई-वडिलांनी प्रथम त्यांच्या हाती बादली द्यावी.