तक्रार म्हणजे कृतघ्नपणा काय?

गेल्या नाताळात आमच्या मंडळीतील काही जण एका वृद्धाश्रमात गेलो होतो. फळे वाटली, गीते गायिली, प्रार्थना केली. निघताना एका आजींनी माझा हात धरला व हळूच म्हटले, “बाळा, रात्री पाणी मागितलं की इथं ओरडतात. पण कोणाला सांगू नकोस हं. मला इथंच राहायचं आहे.”

मी कोणाला काही सांगितले नाही. आजींचा शब्द पाळला, असे मनाला समजाविले. परंतु तो त्यांचा शब्द होता की त्यांची भीती, हा प्रश्न मला अजून सोडीत नाही.

आपण सहज म्हणतो, “दोन वेळचे जेवण मिळते, डोक्यावर छप्पर आहे, आणखी काय पाहिजे?” म्हणजे ज्याने अन्न घेतले त्याने तोंड मिटावे. मग ते दान कसले? ती गप्प बसण्याची किंमत झाली.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ पाहा. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर यरुशलेमच्या मंडळीत झाली. विधवांच्या वतीने त्यांचे लोक बोलले. प्रेषितांनी कोणाला कृतघ्न ठरविले नाही. त्या कामासाठी सात जण निवडून घेतले.

अमेरिकेत नर्सिंग होममधील रहिवाशांची गाऱ्हाणी ऐकणारे प्रतिनिधी नेमण्याचा प्रयोग १९७२ साली सुरू झाला. १९७८ मध्ये कायद्याने तो सर्व राज्यांना लागू झाला. पुढे १९८७ च्या कायद्याने, सूड उगविला जाण्याच्या भीतीवाचून तक्रार करण्याचा हक्क रहिवाशाला दिला. हा प्रतिनिधी रहिवाशाच्या संमतीवाचून सहसा त्याचे नाव उघड करीत नाही. त्याने बोलायचे ते रहिवाशाच्या इच्छेप्रमाणे, स्वतःच्या मताप्रमाणे नव्हे.

आपल्या देशात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढण्याची तरतूद आहे. आश्रमांचा दर्जा राज्य सरकारने ठरवावयाचा आहे. परंतु रात्री पाणी मिळते की नाही, हे कागद सांगत नाही. ते खाटेवरचे माणूसच सांगू शकते, आणि तेही विश्वासाच्या माणसाला. वर्षातून एकदा येणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

आता वाटते, गप्प राहणे चूक होते, आणि आजींना न विचारता ओरड करणेही चूकच झाले असते. मी त्यांना विचारावयास हवे होते : “तुमचे नाव न घेता व्यवस्थापकांशी बोलू का? पुढच्या आठवड्यात परत येऊ का?” जिवाला धोका असेल तर थांबता येत नाही; तरीही जे करावयाचे ते त्यांना सांगून करावे.

शिक्षकहो, मुलांना वृद्धाश्रमात नेताना आपण त्यांना गीत शिकवून नेतो. एक प्रश्नही शिकवू या : “आजी, तुम्हाला काय हवे आहे?” आणि उत्तर ऐकण्यापुरता वेळ हाताशी ठेवून जाऊ या.