अनोळखी माणसाचे छायाचित्र

चोरीची वार्ता आली की आम्ही फाटकावर कॅमेरा बसवितो. त्यात गैर काही नाही. परंतु त्यात टिपलेल्या एखाद्या फिरस्त्याचे छायाचित्र ‘सावध राहा’ असे लिहून व्हॉट्सॲपवर धाडण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. तत्पूर्वी त्या अफवा मोबाइलवरूनच फिरत होत्या. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तो आमच्या कुंपणाआतील माणसांपुरता खचितच नव्हे. संशय आल्यास पोलिसांना कळवावे. आमचे आजोबा तर ओट्यावरूनच विचारीत, “कोणाकडे आलात, बाबा?”