नजर कागदावर असताना

दिंडोशीच्या सत्र न्यायालयात दाखल होणारे कितीतरी कागद आधी टायपिस्टच्या हातून जातात. शेजारी वकिलाचा हाताने लिहिलेला मसुदा, बोटं कळफलकावर आणि नजर त्या मसुद्यावर. लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या सोयी पहिल्यापासून चालू असाव्यात हे ठरवताना हा माणूस डोळ्यांपुढे हवा. एखादी सोय किती जणांना आवडते, ही गोष्ट मी दुय्यम मानतो. ती चुकली तर टाइप करणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं का, हे आधी पाहावं.

कंसात इंग्रजी ‘सी’ टाइप केला की वर्ड त्याचं आपोआप कॉपीराइटचं चिन्ह करतं. चेक न वटल्याच्या प्रकरणांत कलम १३८ च्या परंतुकातला खंड ‘सी’ हमखास लागतो. नोटीस मिळूनही पंधरा दिवसांत पैसे न देण्याची गोष्ट त्यातच आहे. तरी हे चिन्ह विजोड दिसतं, वाचताना खटकतं आणि दुरुस्त होतं.

परिच्छेदांना आपोआप पडणारे क्रमांक मात्र खटकत नाहीत. वकिलाने चौथा परिच्छेद काढायला सांगितला की पुढचे सगळे क्रमांक एकेक घर वर सरकतात. पान नीटनेटकं दिसतं. पण ‘परिच्छेद ७ मध्ये म्हटल्याप्रमाणे’ हे हाताने टाइप केलेलं वाक्य जागचं हलत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशातला पंधरावा नियम सांगतो की कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीवरून आणि कोणते इतरांकडून कळल्यावरून खरे मानले, हे सत्यापनात क्रमांकांनिशी लिहायचं. म्हणजे क्रमांक सरकले की पक्षकार सही करतो ती भलत्याच विधानाखाली. ‘ज्याला नको त्याने बंद करावं’ हे इथे पुरत नाही, कारण चूक झाल्याचंच कोणाला ठाऊक नसतं.

कॉपी-पेस्टची गोष्ट वेगळी. दोन कळा मुद्दाम दाबल्याशिवाय ती सोय जागची हलत नाही, म्हणून ती खुशाल चालू असावी. इन्सर्ट कळीला मात्र नुसतं बोट लागलं तरी जुन्या वर्डमध्ये पुढची अक्षरं पुसली जात. २००७ च्या आवृत्तीत तिचं हे काम मुळातच बंद ठेवलं, ते योग्यच झालं.

यावर रास्त आक्षेप असा, की बंद ठेवलेली सोय नवख्याला सापडणार कधी? ईमॅक्स या जुन्या संपादकात याचं उत्तर आहे. निवडलेला भाग सोडून बाकीचा मजकूर नजरेआड करणारी आज्ञा त्यात आहे. नवख्याला वाटावं की लिहिलेलं सगळं गेलं. पहिल्यांदा ती दिली की ईमॅक्स थांबतं, तिने काय होईल ते सांगतं आणि विचारतं: आत्तापुरती चालवू, की यापुढे कायम? आपोआप क्रमांक घालण्याआधीही असंच विचारावं, आणि उत्तर त्या माणसाच्या नावावर ठेवावं. टायपिंगच्या दुकानातल्या एकाच संगणकावर सकाळी एक बसतो, दुपारी दुसरा. पहिल्याने दिलेला होकार दुसऱ्याला लागू करू नये.