नगराचे चौक

शास्त्रभाग : जखऱ्या ८:४-५



भाषांतराच्या कामानिमित्त मी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून सहकुटुंब म्हैसूरला आलो, त्याला बरीच वर्षे झाली. प्रपंच करणाऱ्या माणसाला मानवेल असे हे शहर आहे. हवा सौम्य, रस्ते रुंद आणि सावलीचे. मुलांना नेण्यासाठी १८९२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय, वृद्धांना फिरण्यासाठी कुक्करहळ्ळीचा तलाव. पेन्शनरांचा स्वर्ग असा त्याचा जुना लौकिक. आता तरुण कुटुंबेही येत आहेत. २०२३ साली नवा महामार्ग खुला झाल्यावर बंगळूर आणखी जवळ आले, आणि शहराच्या कडेला नवनव्या वसाहती उभ्या राहत आहेत.

येथील रुंदपणा आपोआप आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने येथे थैमान घातले, तेव्हा दाटीवाटीची वस्ती किती घातक असते हे राज्यकर्त्यांना उमगले. १९०३ साली नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले आणि मोकळ्या, हवेशीर वसाहती आखल्या गेल्या. मृत्यूने शिकवलेला धडा या रस्त्यांच्या रुंदीत लिहिलेला आहे.

जखऱ्याच्या काळचे यरुशलेमही असेच मोठ्या आघातातून उठत होते. ख्रिस्तपूर्व ५१८ च्या सुमारास बंदिवासातून परतलेले मूठभर लोक पडक्या भिंतींमध्ये राहत होते. अशा लोकांना देव भावी नगराचे चित्र दाखवतो. त्यात राजवाडा नाही, सैन्य नाही. काठीच्या आधाराने बसलेले वृद्ध स्त्रीपुरुष आहेत आणि खेळणारी मुलेमुली आहेत. नगर सुखरूप आहे याची देवाने दिलेली खूण एवढीच. दुर्बळांना उघड्यावर भय न वाटणे, ही ती खूण होय.

ते कोठे बसतात व खेळतात? येथील मूळ इब्री शब्द ‘रहोब’ हा रुंदपणा दर्शवणाऱ्या धातूपासून आला आहे. त्याचे भाषांतर ‘रस्ता’ असे करता येते. परंतु रस्ता हा जाण्यासाठी असतो, आणि हे लोक तर कोठेच जात नाहीत. म्हणून मला ‘चौक’ हा शब्द जवळचा वाटतो. इसहाकाच्या चाकरांनी खणलेल्या दोन विहिरींवरून भांडणे झाली. तिसरीवरून झाले नाही, तेव्हा त्याने तिला ‘रहोबोथ’ हे नाव दिले (उत्पत्ती २६:२२). धातू तोच. देवाने आपल्याला जागा करून दिली, हा त्या नावाचा आशय.

आता माझ्या अपराधाविषयी सांगतो. आमच्या वसाहतीत एक लहान बाग आहे. शेजारी इमारतींचे काम चालले आहे, आणि मजुरांची मुले संध्याकाळी झोपाळ्यावर खेळण्यास येत. रहिवाशांच्या बैठकीत ठरले की पहारेकऱ्याने प्रत्येक मुलाला त्याचे घर विचारावे आणि वसाहतीबाहेरच्यांना परत पाठवावे. मी विरोध केला नाही. कागद फिरत माझ्याकडे आला, तेव्हा मी सहीही केली.

पुढे एके संध्याकाळी फाटकापाशी सातआठ वर्षांची एक मुलगी पहारेकऱ्याला उत्तर देताना मी ऐकली. घर कोणते, असे त्याने विचारले. तिने अर्धवट बांधलेल्या इमारतीकडे बोट दाखवले. ते घर तिचे आईबाप बांधत होते, आणि ते पुरे झाले की त्यांना तेथून निघावे लागणार होते.

वाचकहो, जखऱ्याच्या आठव्या अध्यायातील आनंद आपण आवडीने वाचतो. परंतु त्याच्या आधी सातवा अध्याय आहे. विधवा, अनाथ, उपरी व दीन यांच्यावर जुलूम करू नका, ही आज्ञा तेथे आहे. ती मोडली म्हणूनच ते नगर ओसाड पडले होते. आज्ञा सोडून अभिवचनावर हक्क सांगता येत नाही.

आणि उपरी तर मीच होतो. कानडीचा एक शब्दही न येणाऱ्या माझ्या कुटुंबाला या शहराने जागा दिली. येथील संत फिलोमिना चर्चची कोनशिला १९३३ साली महाराजा कृष्णराज वडियार चौथे यांनी बसवली, हे मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. इतरांनी दिलेली जागा मी मोजली. मी नाकारलेली मोजली नाही.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सही मागे घेतो असे म्हणालो. नियम अद्याप रद्द झालेला नाही. दोन शेजाऱ्यांनी माझ्याशी बोलणे कमी केले, दोघांनी साथ दिली. संध्याकाळी आम्ही तिघे फाटकापाशी उभे राहतो आणि ही मुले आमची पाहुणी आहेत असे पहारेकऱ्याला सांगतो.

आपले गावही वाढत असेल. त्याच्या बागेच्या, शाळेच्या, आपल्या मंदिराच्या फाटकातून कोणाचे मूल परत जाते, हे या आठवड्यात पाहावे. मग गुडघे टेकावे.

हे प्रभू, तू आम्हांला प्रशस्त जागी आणलेस. ती जागा आम्ही अरुंद केली याची आम्हांला क्षमा कर, आणि फाटक उघडण्याचे धैर्य दे. आमेन.